कोजागिरीपासून सुरुवात: मुलांच्या हातचा कंदील आणि मातीचा किल्ला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मुलांना घेऊन कंदील करायला बसलं की काय होतं, ते आमच्या घरी दोन वर्षं झालं. खळ ओली, सांगाडा एका बाजूला कललेला, कागद फाटलेला, स्वयंपाकघरात चकल्यांचा घाणा चालू. शेवटी कंदील आम्ही मोठ्यांनी पुरा केला आणि मुलं कंटाळून आत निघून गेली. तिसऱ्या वर्षी सामान तेच होतं, मुलंही तीच. आम्ही सुरुवात मात्र कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी केली. त्या वर्षीचा कंदील मुलांचा होता. वाकडा होता, पण त्यांचा होता.

कोजागिरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात. सहामाही परीक्षा चालू असली तरी रोज संध्याकाळी अर्धा तास काढता येतो. कंदिलाच्या खळीला वाळायला वेळ लागतो, किल्ल्याच्या मातीला बसायला वेळ लागतो, हळिवाला उगवायला वेळ लागतो, आणि सात वर्षांच्या मुलाला गाठ मारायला मोठ्यांच्या चौपट वेळ लागतो. हा सगळा वेळ आधीच हिशेबात धरला की बाकी काही कठीण नाही. खर्च म्हणाल तर पतंगी कागदाचे चार ताव, दोऱ्याचं रीळ, वाटीभर मैदा, पन्नास ग्रॅम हळीव आणि एक छोटा एलईडी दिवा.

कंदील: चोवीस नळ्या, बारा सांधे

पारंपरिक कंदिलाचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा असतो. जवळपास बुरूड असतील तर कामट्या जरूर आणा, पण दहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मी त्या वापरत नाही. कूस बोटात जाते आणि कामटी चिरायला कोयता लागतो. त्याऐवजी वर्तमानपत्राच्या नळ्या करा. त्या फुकट होतात, हलक्या असतात आणि पाच वर्षांचं मूलही त्या वळू शकतं.

पहिल्या संध्याकाळी खळ करून घ्या. दोन मोठे चमचे मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. दुसरीकडे एक वाटी पाणी उकळवा, त्यात हे मिश्रण ओता आणि मंद आचेवर ढवळत राहा. दुधासारखा पांढरेपणा जाऊन खळ चकचकीत दिसू लागली की उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घाला. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी आहे आणि लहान मुलं खळीची बोटं चाटतातच, म्हणून तो अजिबात नको. उरलेली खळ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या आणि नवी करा.

आता नळ्या. वर्तमानपत्राचं एक सुटं पान घ्या. एका कोपऱ्यावर विणकामाची बारीक सुई तिरपी ठेवा आणि कागद तिच्याभोवती घट्ट गुंडाळत न्या. शेवटच्या कोपऱ्याला बोटभर खळ लावून चिकटवा आणि सुई हलकेच ओढून काढा. नळी सैल झाली तर ती पुढे वाकते, म्हणून मुलांना आधी दोन नळ्या नुसत्या सरावाला करू द्या. नळीची दोन्ही टोकं मऊ असतात, ती कापून टाका आणि मधल्या भागातून नेमके 20 सेंटीमीटरचे दोन तुकडे काढा. 24 तुकडे हवेत, म्हणजे बारा पानं. चौदा पानं वळा, दोन-चार तुकडे बिघडतातच. सगळ्या तुकड्यांवरून खळीचा पातळ हात फिरवून ते रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. सकाळी त्या नळ्या काडीसारख्या कडक झालेल्या असतात.

लांबी मोजण्याचं काम मोठ्या मुलाकडे द्या आणि ते त्याला काटेकोर करू द्या. इथे अर्धा सेंटीमीटरही सोडून चालत नाही, कारण सगळ्या नळ्या सारख्या असतील तरच कंदील सरळ उभा राहतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगाडा बांधायला घ्या. जाड दोरा दाभणात ओवा आणि माळेत मणी ओवावेत तशा चार नळ्या ओवून दोऱ्याची टोकं घट्ट बांधा. एक चौकोन झाला. असे चार चौकोन करा. प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर उभा धरा, शंकरपाळ्यासारखा. आता पहिल्या चौकोनाचा उजवा कोपरा दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला बांधा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा चौथ्याला, आणि चौथा फिरून पहिल्याला. चार शंकरपाळ्यांचं कडं तयार झालं. कड्याच्या वरच्या बाजूला चार टोकं सुटी दिसतील. त्या टोकांच्या मधे एकेक नळी बांधा, की वर आडवा चौकोन होतो. खालीही तसंच. सोळा नळ्या कड्यात गेल्या, चार वर, चार खाली, म्हणजे चोवीस.

बांधणी बरोबर झाली की नाही हे मुलांनाच तपासू द्या. एकूण सांधे बारा यायला हवेत आणि प्रत्येक सांध्यात बरोबर चार नळ्या भेटायला हव्यात. एखाद्या सांध्यात तीन किंवा पाच आल्या तर तिथेच चूक आहे. आमच्या धाकटीने ही मोजणी एवढी मनावर घेतली की ती दिवसभर शेजाऱ्यांचे कंदील मोजत फिरली.

एवढं बांधून झाल्यावर सांगाडा हातात डुगडुगतो, पिळला जातो, जवळजवळ मिटतो. बरेच लोक इथे हताश होतात. घाबरू नका, यात तुमची चूक नाही. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, पण चौकोनाला ढकललं की तो तिरका होतो, आणि या कंदिलात सहा चौकोन आहेत. म्हणून सहाही चौकोनांना कर्ण द्यायचे. बाजूच्या चारही चौकोनांत दोरा समोरासमोरच्या कोपऱ्यांना फुलीसारखा ताणून बांधा. दोन्ही दोरे 28 सेंटीमीटरचे झाले की चौकोन काटकोनात आला असं समजा. वरच्या आणि खालच्या चौकोनात दोऱ्याऐवजी बांबूची किंवा खराट्याची जाड काडी कर्णावर बांधा. वरच्या काडीला पुढे दिवा टांगायचा आहे. आता सांगाडा जमिनीवर ठेवून वरून हलकं दाबून पाहा. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

प्रत्येक सांध्यावर खळीत भिजवलेल्या कागदाची छोटी पट्टी गुंडाळा आणि पुन्हा एक रात्र वाळू द्या.

कागद

चकचकीत जिलेटीनपेक्षा मला पतंगाचा कागद आवडतो. जिलेटीनमधून आतला दिवा आणि वायर उघड दिसते, पतंगी कागदातून प्रकाश सगळीकडे पसरून मऊ होतो. झाकायचे आहेत बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, हवा खेळली पाहिजे. 50 बाय 70 सेंटीमीटरच्या आसपासच्या एका तावातून 23 सेंटीमीटरचे चार चौकोन निघतात आणि झिरमिळ्यांसाठी कागदही उरतो. तेवढ्याच दुसऱ्या तावातून सगळे आठ त्रिकोण बसतात, फक्त ते एक सुलटा, एक उलटा असे लावून आखायचे. आकडेमोड नको असेल तर सांगाड्याची एकेक बाजू कागदावर टेकवा, पेन्सिलीने फिरवून घ्या आणि दीड सेंटीमीटर सोडून कापा.

खळ नळीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद ओला झाला की फाटतो आणि त्याचा रंगही सुटतो. सांगाडा आडवा ठेवून वरच्या बाजूला कागद पसरा, कडा नळीवरून आत वळवा आणि बोटाने दाबा. आधी त्रिकोण, मग चौकोन. कागद जरा सैल बसला तरी ओढू नका. पूर्ण वाळल्यावर त्यावर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर वाळताना तो ताणून बसतो. रंग सुटतो का ते आधी एका तुकड्यावर पाहून घ्या.

चौकोन चिकटवण्याआधी एक गंमत करा. मुलांना तपकिरी किंवा काळ्या कागदातून हवे ते आकार कापू द्या: चिमणी, पणती, मांजर, स्वतःच्या नावाचं अक्षर. हे आकार पतंगी कागदाच्या आतल्या बाजूने चिकटवा. अक्षर असेल तर ते आतून उलटं लावा. दिवसा कंदील साधा दिसतो आणि संध्याकाळी दिवा लावला की मांजर उमटते.

झिरमिळ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वाट्याला द्या. उरलेला कागद आणि तिसरा ताव मिळून चाळीस सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या घ्या, वरचा तीन सेंटीमीटरचा भाग सोडून बोथट कात्रीने उभ्या चिरा मारा आणि तो वरचा भाग खालच्या चौकोनाच्या नळ्यांना चिकटवा. चौथा ताव सोनेरी घ्या. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या सगळ्या कडांवरून लावल्या की वेडेवाकडे जोड झाकले जातात.

दिव्याचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं. 3 ते 5 वॅटचा एलईडी दिवा पुरतो. जुना पिवळा तापणारा बल्ब नको, आणि कागदाच्या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती तर मुळीच नको. दिवा वरच्या काडीला असा बांधा की तो बरोबर मधे लोंबेल आणि कुठल्याही कागदाला टेकणार नाही. वायरचे जोड उघडे ठेवू नका. परतीचा पाऊस कधीकधी ऐन दिवाळीत येतो, तेव्हा कंदील छपराखाली, गॅलरीच्या आतल्या बाजूला टांगा.

किल्ला: कोणता करायचा ते आधी ठरवा

कंदील वाळत असतो त्या दिवसांत किल्ल्याला हात घालायचा. नुसता मातीचा ढीग करून वर महाराज बसवले तरी मुलांना आनंद होतोच. पण एक खरा किल्ला निवडला, त्याचा नकाशा कागदावर काढला आणि मग तो बांधला, तर मुलं त्या किल्ल्याची होतात. पुढे कधी तो चढायला गेलात तर वाट तीच दाखवतात. निवड करायला यादी हवी असेल तर 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्ले आहेतच: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी.

अंगण किंवा सोसायटीचा कोपरा मिळत असेल तर माझं मत राजगडाला. त्याचा आकार मुलांच्या लगेच लक्षात राहतो: मधे उंच बालेकिल्ला आणि त्यातून तीन बाजूंना निघालेल्या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याच्या खालच्या तटबंद डोंगरसोंडा. पद्मावती रुंद, तिच्यावर तळं आणि देऊळ. सुवेळा निमुळती, तिच्यात खडकाला आरपार पडलेलं नेढं. संजीवनी लांबलचक, तिची तटबंदी दुहेरी. नेढं करायला ओल्या मातीत पेन्सिल घालून फिरवली की झालं, आणि सगळ्या किल्ल्यात तेच मुलांना सर्वांत प्रिय होतं.

गॅलरीत जागा दोन हातच असेल तर सिंधुदुर्ग करा. मोठी परात किंवा जुना टब, मधे मातीचं बेट, भोवती नागमोडी तट आणि बाहेर पाणी. 1664 मध्ये मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं, हे सांगता सांगता कागदाच्या होड्या सोडता येतात.

माती, गोणपाट आणि चिखल

आश्विन वद्य पंचमीच्या सुमाराला मांडणी करा. खाली जुनी ताडपत्री, तिच्यावर विटा, दगड, उपडी बादली, खोकी ठेवून डोंगराचा उंचसखल आकार उभा करा. गॅलरीत विटांऐवजी चुरगळलेल्या कागदाने भरलेली खोकी वापरा, वजन कमी राहतं. त्यावर जुनं गोणपाट पसरा.

माती चाळून घ्या. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून तिच्यात निम्मी लाल माती किंवा थोडी वाळू आणि मूठभर बारीक चिरलेलं वाळकं गवत मिसळा. यातली थोडी माती बादलीत राबडीसारखी पातळ करा. या राबडीत गोणपाटाचे तुकडे भिजवून डोंगरावर अंथरायचे आणि हाताने चेपून दऱ्या, कडे, सोंडा काढायच्या. हे काम मुलांचंच. जुने कपडे घाला आणि त्यांना कोपरापर्यंत माखू द्या. गोणपाट वाळलं की डोंगराला पक्की कातडी मिळते, तिच्यावर घट्ट चिखलाचा दोन बोटं जाड थर द्या.

तट आणि बुरूज दुसऱ्या दिवशी. तटासाठी कणकेसारखी मळलेली माती लांब वळून ठेवायची आणि पट्टीने दोन्ही बाजूंनी दाबून सरळ करायची. बुरुजाला छोट्या डबीचा साचा चालतो. सुरीच्या टोकाने जंग्या पाडा. जंग्या म्हणजे आतल्या सैनिकाला बाहेर मारा करता येईल अशी तटातली तिरपी भोकं.

दरवाजावर मात्र वेळ घालवा. मुलं पहिल्यांदा दरवाजा समोर, रस्त्याच्या सरळ रेषेत करतात. त्यांना विचारा, शत्रूने हत्ती धावत आणला तर? मग गोमुखी दरवाजा समजावून सांगा. दोन बुरूज एकमेकांना कवेत घेतल्यासारखे वळवायचे, त्यांच्या मधून वाट वळण घेऊन आत शिरते आणि दरवाजा त्या वळणाआड लपतो. बाहेरून तो दिसतच नाही, हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही, आणि वाटेवर वरून दोन्ही बुरुजांचा मारा चालतो. एकदा हे हातांनी केलं की मुलं रायगडाच्या महादरवाजापाशी स्वतःहून थांबून पाहतात.

रंगाला तटावर गेरूचं पाणी पुरे. चुना मुलांच्या हाती देऊ नका, हातांना आणि डोळ्यांना इजा होते. पांढरा रंग हवा तिथे रांगोळी भुरभुरा.

हिरवळ

किल्ल्याला जीव येतो तो हिरवळीने, आणि त्यासाठी हळिवासारखं दुसरं बी नाही. हळीव भिजलं की त्याच्यावर बुळबुळीत थर येतो, त्यामुळे ते डोंगराच्या उतारावरही चिकटून राहतं. मोहरी घरंगळते, गहू फार उंच वाढतो.

वद्य अष्टमीला किंवा नवमीला पेरा, म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे हिरवळ भरात असते. फार आधी पेरलं तर ती लवून पिवळी पडते. उतारावर पाणी शिंपडून माती ओली करा, मुलांच्या चिमटीने हळीव दाट भुरभुरा, वरून माती घालू नका. दोन दिवस ओलं फडकं हलकेच अंथरून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसले की फडकं काढा. पाणी फक्त फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं तर बी आणि डोंगर दोन्ही खाली येतात. तट, वाटा आणि बालेकिल्ल्याचा माथा कोरडा ठेवायचा आहे, तिथे बी टाकू नका. उगवलेलं हळीव रोज सकाळी पट्टीने मोजायचं काम एका मुलाकडे द्या.

परदेशात, जिथे या दिवसांत बाहेर थंडी असते आणि माती मिळत नाही, तिथे ओव्हनच्या ट्रेमध्ये कुंडीची माती घेऊन हाच किल्ला खिडकीपाशी होतो. ब्रिटनमध्ये तर हळिवाचंच बी बागकामाच्या दुकानात सहज मिळतं.

मावळे आणि कारंजं

बाजारातले मावळे सुरेख असतात, दोन-चार जरूर घ्या. बाकीचे घरी करा. शाडू माती किंवा चाळलेली चिकणमाती घेऊन पाच सेंटीमीटर उंचीचे मावळे करायचे, हातात भाल्यासाठी खराट्याची काडी. सावलीत तीन दिवस वाळवा, उन्हात ठेवले तर तडकतात. मोठी माणसं डोंगराच्या पायथ्याशी, छोटी माथ्यावर अशी ठेवली तर किल्ला आहे त्याहून उंच वाटतो.

कारंज्यासाठी औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी, न वापरलेली नळी आणा. पाण्याची बाटली किल्ल्यामागे भिंतीवर उंच टांगा. तिच्या बुडाशी नळी घट्ट बसवा आणि झाकण सैल ठेवा, म्हणजे हवा आत जाते. नळी मातीखालून तळ्यापर्यंत आणा आणि तिच्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवा. पाणी बाटलीच्या पातळीच्या जरा खालपर्यंत उडतं. बाटली वर-खाली करून कारंजं कसं बदलतं ते मुलांनाच शोधू द्या. नळीची कळ फिरवायचा मान आमच्याकडे रोज वेगळ्या मुलाचा असतो.

गोव्यात याच दिवसांत मुलं नरकासुराचा पुतळा करण्याच्या मागे असतात. घरच्या घरी छोटा नरकासुर करायचा असेल तर कंदिलाच्या उरलेल्या नळ्यांचा सांगाडा, गवत आणि खळीत भिजवलेले कागद एवढं पुरतं. पहाटेचं दहन मोठ्यांच्या हातून व्हावं.

नंतर

दिवाळी झाली की किल्ल्यात फटाके लावून तो उडवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मुलांनी दहा दिवस घडवलेली गोष्ट अशी जावी हे मला पटत नाही, आणि उडणारे दगड डोळ्यांना लागतात. आम्ही मावळे डब्यात ठेवतो आणि माती कुंड्यांमध्ये घालतो. गोणपाट झटकून पुढच्या वर्षासाठी ठेवतो.

कंदील त्रिपुरी पौर्णिमेला उतरवतो. आधी दिवा आणि वायर काढायची, मग कागद. त्यानंतर सांध्यांवरच्या कागदी पट्ट्या ओलसर फडक्याने सोडवायच्या आणि सहा चौकोनांतले कर्ण कापायचे. बांधताना ज्या डुगडुगण्याने घाबरवलं होतं, तेच आता उपयोगी पडतं: वरून जरा पिळून दाबला की सगळा सांगाडा मिटतो आणि चोवीस नळ्यांची लहानशी घडी हातात येते. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवा, वर वर्ष लिहा.

पुढच्या कोजागिरीला फक्त कागद आणायचा असतो.